मारधाडीच्या चित्रपटांतील ख्रिस्ती श्रद्धेचे प्रतिबिंब : एका वाचनपद्धतीची चिकित्सा

१

दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला आणि पडद्यावरील ख्रिस्ताच्या ठिकाणी त्यांना राम-कृष्णांच्या मूर्ती दिसू लागल्या, ही हकीकत सुपरिचित आहे. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हे त्या दर्शनाचे फळ होय. या हकीकतीत समीक्षेच्या दृष्टीने एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. पडद्यावर जे दाखविले जाते तेवढेच प्रेक्षक पाहतो असे नाही. श्रद्धेने आणि परंपरेने घडविलेली दृष्टी घेऊन तो पडद्यासमोर बसतो, आणि ती दृष्टी पडद्यावरील आकृतींना आपले रंग देते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेत याच्या नेमका उलट प्रकार घडला. ज्या चित्रपटांत ख्रिस्ताचे नावही नाही, ज्यांत गोळीबार, स्फोट, मोटारींचा पाठलाग आणि यंत्रमानवांची झुंज यांखेरीज वरवर काही दिसत नाही, अशा चित्रपटांत ख्रिस्ती धर्मोपदेशकांना व धर्मशास्त्राच्या अध्यापकांना ख्रिस्ताची आकृती दिसू लागली. या वाचनाला लवकरच अभ्यासविषयाची प्रतिष्ठा लाभली. लॉइड बॉ यांनी १९९७ साली चित्रपटांतील ख्रिस्तसदृश पात्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अँटन कार्ल कोझलोविक यांनी २००४ साली अशा पात्रांची पंचवीस लक्षणे गणून दाखविली. ख्रिस्टोफर डीसी यांनी २००६ साली या पद्धतीवरच आक्षेप घेतला. चित्रपटांत ख्रिस्तसदृश पात्रे हुडकण्याच्या भरात चित्रपटाची आणि धर्मशास्त्राचीही खरी चिकित्सा राहून जाते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

हा वाद चित्रपटांपुरता मर्यादित नाही. कोणत्याही कलाकृतीत धर्माशय आहे असे म्हणावयाचे ते कशाच्या आधारावर, हा मूळ प्रश्न आहे. बाह्य साम्य पुरेसे मानले तर कोणत्याही कृतीतून कोणताही धर्म काढता येतो, आणि मग ‘प्रतिबिंब’ या शब्दाला अर्थ उरत नाही. याउलट, दिग्दर्शकाने उच्चारलेल्या हेतूवाचून काहीच मान्य करावयाचे नाही असे ठरविले, तर कलाकृती कर्त्याच्या जाणिवेपेक्षा अधिक काही सांगू शकते, हा अनुभवच नाकारावा लागतो. या दोन टोकांमधून वाट काढता येते काय, हे काही अतिरंजित मारधाडपटांच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

२

प्रथम या चित्रपटांच्या असंभाव्यतेचा विचार करणे अवश्य आहे. कारण सुशिक्षित प्रेक्षक त्यांची उपेक्षा करतो ती मुख्यतः याच कारणास्तव. उंच इमारतीतून मोटार झेप घेते आणि शेजारच्या इमारतीत शिरते, मेलेला नायक उठून उभा राहतो, भविष्यकाळातून आलेला सैनिक आपल्याच सेनापतीचा पिता ठरतो. असल्या कथानकांत श्रद्धेसारख्या गंभीर विषयाला कोठे स्थान असणार, असे त्याला वाटते.

परंतु असंभाव्यता हा काही आपोआप दोष ठरत नाही. अविश्वसनीय वाटणाऱ्या शक्य घटनेपेक्षा विश्वसनीय वाटणारी अशक्य घटना कवीने पसंत करावी, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. विस्मय हा स्थायी भाव असलेल्या अद्भुताला भरताच्या नाट्यशास्त्रापासून स्वतंत्र रसाचे स्थान आहे. आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी तर एक अशक्य घटनाच आहे : मृताचे पुनरुत्थान. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांविषयी जे व्याख्यान दिले, त्यात अकस्मात येणाऱ्या शुभ कलाटणीला त्यांनी परीकथेचे सर्वोच्च कार्य मानले, आणि शुभवर्तमानातील कथा म्हणजे प्रत्यक्ष इतिहासात उतरलेली अशी कथा होय, असे प्रतिपादिले. या दृष्टीने पाहता अतिरंजित चित्रपट आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्यात अद्भुताच्या पातळीवर एक नैसर्गिक जवळीक आहे.

तथापि येथेच एक भेद लक्षात घ्यावयास हवा. चमत्कार आहे किंवा नाही, एवढ्याने काहीच निश्चित होत नाही; चमत्कार कोणासाठी आणि कोणत्या क्षणी घडतो, हा निर्णायक प्रश्न आहे. शुभवर्तमानांतील ख्रिस्त आंधळ्यांना दृष्टी देतो, भुकेलेल्यांना भाकरी देतो. परंतु क्रूसावर असताना खाली उतरून दाखव असे आव्हान दिले जाते तेव्हा तो उतरत नाही. दुसऱ्यासाठी मुक्तहस्ताने वापरलेले सामर्थ्य स्वतःसाठी मात्र वापरले जात नाही. मारधाडपटातील चमत्कार बहुधा याच्या विरुद्ध दिशेने वाहतो. तो नायकाला वाचविण्यासाठी येतो आणि त्याच्या कृतीची किंमत त्याला द्यावी लागू नये अशी व्यवस्था करतो. पुढील विवेचनात हा भेद वारंवार उपयोगी पडेल.

३

बाह्य साम्याच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध चित्रपट म्हणून ‘द मेट्रिक्स’चा (१९९९) उल्लेख केला जातो. वाचोव्स्की भावंडांचा हा चित्रपट अमेरिकेत ३१ मार्च रोजी, म्हणजे ईस्टरच्या आठवड्यात प्रदर्शित झाला. नायकाचे नाव थॉमस अँडरसन. यांतील ‘थॉमस’ हे नाव शंकेखोर प्रेषित थोमाची आठवण देते, तर आडनावाची ‘मानवपुत्र’ अशी फोड करता येते. त्याला मृत्यूतून उठविणाऱ्या स्त्रीचे नाव ‘ट्रिनिटी’, म्हणजे त्रैक्य. शेवटच्या मानवी नगराचे नाव ‘झायन’. जेवणाच्या टेबलावर शत्रूशी सौदा करणारा सायफर हा यहूदा इस्कर्योताच्या जागी उभा आहे. नौकेवरील पाटीवरचा ‘मार्क ३, क्रमांक ११’ हा मजकूर मार्ककृत शुभवर्तमानातील ज्या स्थळाकडे बोट दाखवितो, तेथे अशुद्ध आत्मे येशूला देवपुत्र म्हणून ओळखतात.

एवढ्या खुणा एकत्र आल्यावर त्या योगायोगाच्या आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु त्या कशाचा पुरावा आहेत? फ्रॅन्सिस फ्लॅनरी-डेली आणि रेचेल वॅग्नर यांनी २००१ साली याच चित्रपटाचे वाचन ज्ञानवादी ख्रिस्तीपंथ आणि बौद्धमत यांच्या आधारे केले. दृश्य जग हा भ्रम असून जागृती हीच मुक्ती, हा या कथेचा गाभा रूढ ख्रिस्ती मतापेक्षा ज्ञानवादी व बौद्ध विचारांना अधिक जवळचा आहे, हे त्यांचे म्हणणे सहजासहजी खोडून काढता येत नाही. चित्रत्रयीच्या अखेरीस श्रेयनामावलीबरोबर जे संगीत वाजते, त्यात बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना गुंफलेली आहे. तेव्हा नावे ख्रिस्ती, तत्त्वज्ञान ज्ञानवादी आणि समारोप औपनिषदिक, असे हे मिश्रण आहे.

केवळ आकृतीच्या साम्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे संस्कृत नाट्यवाङ्मयाच्या अभ्यासकाला एका उदाहरणावरून पटेल. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात जीमूतवाहन शंखचूड नागाच्या जागी स्वतःचा देह गरुडापुढे ठेवतो, मरतो आणि गौरीच्या कृपेने पुन्हा जिवंत होतो. मारणारा गरुडही पश्चात्तापाने पालटतो. दुसऱ्यासाठी पत्करलेला मृत्यू, पुनर्जीवन, शत्रूचे हृदयपरिवर्तन ही सारी लक्षणे येथे आहेत. तरीही बोधिसत्त्वाच्या आदर्शातून उगवलेल्या या नाटकाला कोणी ख्रिस्ती नाटक म्हणणार नाही. म्हणजे लक्षणांची यादी कितीही लांबविली तरी तिच्यातून आशय आपोआप सिद्ध होत नाही. लक्षण आणि आशय यांच्यामध्ये कृतीच्या अंतर्गत अर्थव्यवस्थेचा विचार यावा लागतो : कृती कशाला पाप मानते, तारण कशात पाहते आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल करते?

४

दुसऱ्या बाजूने पाहता, कर्त्याची श्रद्धा ही देखील निर्णायक कसोटी ठरत नाही. पॉल व्हरहूव्हन या डच दिग्दर्शकाचा ‘रोबोकॉप’ (१९८७) हे याचे उत्तम उदाहरण होय. येशूच्या ऐतिहासिक चरित्राचा शोध घेणाऱ्या अमेरिकन अभ्यासकांच्या ‘जीझस सेमिनार’ या मंडळात व्हरहूव्हन सहभागी होते, आणि २००८ साली त्यांनी येशूवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला. परंतु त्यांची भूमिका चमत्कार न मानणाऱ्या इतिहासजिज्ञासूची आहे, श्रद्धावंताची नव्हे. असे असूनही आपला चित्रपट क्रूसारोहण व पुनरुत्थान यांची कथा आहे, आणि नायक हा एक ‘अमेरिकन ख्रिस्त’ आहे, असे त्यांनी मुलाखतींतून स्पष्ट केले आहे.

कथा नजीकच्या भविष्यातील डेट्रॉइट शहरात घडते. मर्फी या पोलिसाला गुंडांची टोळी अत्यंत क्रूरपणे ठार करते. प्रथम त्याचा हात गोळीने उडविला जातो. त्याच्या देहाच्या अवशेषांतून एक बलाढ्य कंपनी यंत्रमानव तयार करते. पोलादाच्या कारखान्यातील अखेरच्या प्रसंगी तो पाण्यावरून चालत आल्यासारखा दिसतो. इतके साम्य सांगून अनेक वाचक थांबतात. वस्तुतः चित्रपटाचा मर्मभेदक उपरोध याच्या पुढे सुरू होतो. येथील पुनरुत्थान ही कृपा नसून भांडवली गुंतवणूक आहे. उठलेला देह ज्या कंपनीने उठविला तिच्या मालकीचा आहे, आणि तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना हात लावू नये अशी गुप्त आज्ञा त्याच्या मेंदूत पेरलेली आहे. पत्नी व मुलगा सोडून गेलेल्या रिकाम्या घरातून तो हिंडतो, तेव्हा मृत्यूवरील विजयाचा कोणताही आनंद तेथे नसतो.

आणि तरीही या उपहासाच्या आतून एक अस्सल धर्माशय वर येतो. नायक शिरस्त्राण काढतो तेव्हा त्याच्या कपाळावरील गोळीचा व्रण दिसतो. उठलेल्या ख्रिस्ताच्या देहावरही खिळ्यांच्या जखमा शिल्लक होत्या. पुनरुत्थानाने दुःखाचा इतिहास पुसला गेला नव्हता, आणि थोमाला ओळख पटली ती त्या जखमांवरूनच. मर्फीलाही स्वतःची ओळख परत मिळते ती या जखमी चेहऱ्यासह. अखेरीस नाव विचारले असता तो कंपनीने दिलेले नाव सांगत नाही. आपले मानवी नाव सांगतो. माणूस ही कोणाची मालमत्ता नव्हे, हा विचार येथे उपदेशावाचून व्यक्त झाला आहे. पाण्यावरून चालण्याच्या सहेतुक दृश्यापेक्षा हा व्रण अधिक बोलका आहे.

मात्र ज्या प्रसंगी नायक पाण्यावरून चालत येतो, त्याच प्रसंगी तो शत्रूला अटक करण्याचे सोडून त्याला ठार करण्यासाठी आलेला असतो. ‘अमेरिकन’ या विशेषणाचा अर्थ येथे उलगडतो. मृत्यू आणि पुनरुत्थान यांचा स्वीकार झाला. शत्रूवरील प्रेमाचा मात्र अव्हेर झाला.

५

सूचितार्थ उघड केला असता त्याची शक्ती कशी क्षीण होते, हे झॅक स्नायडर यांच्या ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) या चित्रपटात दिसते. सुपरमॅन येथे आपले वय तेहतीस वर्षे सांगतो. आत्मसमर्पण करावे की न करावे या संभ्रमात तो चर्चमध्ये धर्मगुरूशी बोलतो, तेव्हा त्याच्या पाठीमागील रंगीत काचेवर गेथशेमाने बागेतील ख्रिस्त दिसतो. पुढे तो अंतराळयानातून बाहेर पडतो तो क्रूसाकृती बाहू पसरून. निर्मात्या कंपनीने तर धर्मोपदेशकांसाठी प्रवचनाची टिपणेच तयार करवून वाटली. ज्या पात्राची निर्मिती जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी केली, आणि १९३८ साली प्रकट होताना ज्याची जन्मकथा नदीत सोडलेल्या मोशेच्या पेटाऱ्याची आठवण करून देणारी होती, त्याला ख्रिस्ताचे रूप द्यावे यात गैर काही नाही. पुराणकथा अशाच रूपांतरित होत असतात. आक्षेप वेगळा आहे.

आनंदवर्धनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे जे व्यंग्य राहावयास हवे होते ते वाच्य झाले आहे. काचेवरील चित्र प्रेक्षकाला काय पाहावयाचे ते सांगून टाकते आणि त्याचे स्वतःचे शोधणे संपुष्टात येते. याहून गंभीर गोष्ट अशी की, वाच्यार्थ ज्याची ग्वाही देतो ते कथानक पाळीत नाही. गेथशेमानेत ख्रिस्ताने शिष्याला तलवार म्यान करावयास सांगितले. येथे त्या काचेनंतर अवघे महानगर जमीनदोस्त होते, आणि नायक झॉडची मान मोडतो. ही हत्या करावी लागल्याचे दुःख त्याच्या किंकाळीतून व्यक्त होते, हे खरे. परंतु कोसळलेल्या इमारतींखाली गाडल्या गेलेल्या माणसांसाठी चित्रपटाजवळ शोकाचा क्षण नाही. प्रतिमा क्रूसाची आणि व्यवहार विध्वंसाचा, अशी ही विसंगती आहे. प्रवचनाची टिपणे वाटून ती भरून निघत नाही.

६

या विसंगतीचे मूळ शोधताना दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली अशी की, युद्धाची भाषा ख्रिस्ती परंपरेला परकी नाही. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ औलेन यांनी १९३० साली दाखवून दिले की, ख्रिस्ताचे तारणकार्य म्हणजे पाप, मृत्यू आणि सैतान यांच्यावरील विजय, ही कल्पना आद्य ख्रिस्ती आचार्यांत प्रबळ होती. ऋणफेडीची किंवा नैतिक आदर्शाची उपपत्ती पुढे आली. तेव्हा नायकाचा विजय हा ख्रिस्ती आशयाला मुळातच विरोधी आहे, असे म्हणणे बरोबर नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्या विजयाचे साधन काय, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. वॉल्टर विंक यांनी ज्याला ‘उद्धारक हिंसेचे मिथक’ म्हटले, त्याचा उगम त्यांनी तिआमतला मारून तिच्या देहातून विश्व रचणाऱ्या बाबिलोनी मार्दुकाच्या कथेत पाहिला. अव्यवस्थेला ठार मारले की व्यवस्था निर्माण होते, अशी ही श्रद्धा आहे. औलेन यांचा विजेता ख्रिस्त जिंकतो तो मरून. मार्दुक जिंकतो तो मारून. मारधाडपट पहिल्याचे चिन्ह धारण करतो आणि दुसऱ्याचे कार्य करतो.

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वीराचे दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर असे चार प्रकार सांगितले आहेत. ही विभागणी येथे फार उपयुक्त ठरते. मारधाडपटाचा साचा युद्धवीराचा आहे. ख्रिस्तकथेचा नायक दयावीर आहे. एकाच पात्रात दोघांना कोंबण्याचा प्रयत्न झाला की रसभंग होतो. ‘द मेट्रिक्स’च्या पहिल्या भागात हे स्पष्ट दिसते. इमारतीच्या तळमजल्यावर नायक-नायिका ज्या पहारेकऱ्यांना गोळ्या घालतात, ती त्याच मायाजालात झोपलेली, म्हणजे ज्यांना सोडवावयाचे तीच, माणसे आहेत. तारणारा बंदिवानांनाच मारीत सुटतो, आणि प्रेक्षकाला त्या दृश्याच्या लालित्यात याचे भान राहत नाही.

परंतु याच चित्रत्रयीच्या अखेरीस, २००३ सालच्या तिसऱ्या भागात, हा पेच सुटलेला दिसतो. आंधळा झालेला निओ शत्रूच्या नगरीत जाऊन दोन्ही पक्षांसाठी शांततेची मागणी करतो, आणि शेवटच्या झुंजीत प्रतिकार थांबवून स्वतःला गिळले जाऊ देतो. त्याच्या मृत्यूने माणसे वाचतात तशीच यंत्रेही वाचतात. युद्धवीराचे दयावीरात झालेले हे रूपांतर पहिल्या भागातील पाटीपेक्षा आणि नावांपेक्षा कितीतरी अधिक अर्थपूर्ण आहे.

जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘टर्मिनेटर’ चित्रपटांतही असाच प्रकार घडला आहे. १९८४ सालच्या पहिल्या चित्रपटात भावी उद्धारकाची माता, तिला वार्ता देणारा दूत आणि मूल जन्मण्यापूर्वीच नष्ट करू पाहणारी सत्ता हे घटक आहेत. त्यामुळे गब्रिएल आणि हेरोद यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. उद्धारक जॉन कॉनर याची इंग्रजी आद्याक्षरेही येशू ख्रिस्ताच्या आद्याक्षरांशी जुळतात. परंतु १९९१ सालच्या दुसऱ्या चित्रपटात आत्मबलिदान करतो तो हा उद्धारक नव्हे. पहिल्या चित्रपटात ज्या रूपात मारेकरी आला होता, त्याच रूपातील यंत्र येथे रक्षक होऊन येते. मुलाच्या आज्ञेवरून माणसे न मारण्याचे व्रत घेते. आणि अखेर भावी संहाराचे बीज आपल्यात उरू नये म्हणून वितळलेल्या पोलादात उतरते. हे कथानक ख्रिस्तापेक्षा पौलाच्या जवळचे आहे. छळ करणाराच सेवक होतो, हा पालट ख्रिस्ती अनुभवाचा एक गाभ्याचा भाग आहे. केवळ ‘ख्रिस्तसदृश पात्र’ शोधणाऱ्या वाचकाच्या तो नजरेतून निसटतो.

७

असंभाव्यतेची कमाल पाहावयाची तर ‘फास्ट अँड फ्युरिअस’ या चित्रमालिकेकडे वळावे लागते. २००१ पासून चाललेल्या या मालिकेत मोटारी विमानातून उतरतात, गगनचुंबी इमारतींमधून झेपावतात आणि २०२१ सालच्या नवव्या चित्रपटात तर अंतराळात जातात. नायक डॉमिनिक टोरेटो याच्या गळ्यात रुपेरी क्रूस आहे. पहिल्याच चित्रपटात त्याच्या घरचा नियम दिसतो : जेवणाला जो आधी हात घालील त्याने सर्वांच्या वतीने कृतज्ञतेची प्रार्थना म्हणावयाची. चोर, पोलीस, परके आणि आप्त या एका टेबलाभोवती बसतात. ही साधी चाल मालिकाभर टिकून राहते.

२०१३ सालच्या सहाव्या चित्रपटातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. धावत्या रणगाड्यावरून उडालेल्या लेटीला वाचविण्यासाठी टोरेटो पुलाच्या एका भागावरून दुसऱ्या भागाकडे झेप घेतो, तिला हवेतच कवटाळतो आणि दोघे एका मोटारीवर आदळून सुखरूप राहतात. आपल्याला झेलण्यासाठी तेथे मोटार असेल हे कसे ठाऊक होते, असे ती पुढे विचारते. ठाऊक नव्हते, काही गोष्टी श्रद्धेवर सोडाव्या लागतात, अशा आशयाचे उत्तर तो देतो.

या झेपेसमोर शुभवर्तमानातील दुसरी एक झेप ठेवून पाहावी. मत्तय आणि लूक यांच्या वृत्तान्तानुसार सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकावयास सांगतो. देवदूत त्याला झेलतील असा शास्त्राधारही देतो. येशू नकार देतो. देवाची परीक्षा पाहणे ही श्रद्धा नव्हे, असा त्या नकाराचा अर्थ. मारधाडपटाचा सारा आनंद ज्या उडीत साठलेला आहे, ती उडी शुभवर्तमानात मोह म्हणून नाकारली गेली आहे, हे कोणत्याही साम्यशोधक वाचकाने विसरता कामा नये. टोरेटोची उडी मात्र त्या मोहाशी सर्वस्वी एकरूप नाही. ती प्रदर्शनासाठी घेतलेली नसून दुसऱ्या जीवासाठी घेतलेली आहे, आणि जिच्यासाठी ती घेतली ती स्त्री स्मृतिभ्रंशामुळे त्याला ओळखतही नाही. न ओळखणाऱ्यासाठी स्वतःला झोकून देणे, एवढ्यापुरते हे कृत्य खरोखरीच ख्रिस्ती प्रेमकल्पनेच्या जवळ येते.

ते पुरते जवळ येत नाही याचे कारण देह. टोरेटोचा देह इजा पावत नाही. नवव्या चित्रपटात रोमन हे विनोदी पात्र स्वतःच शंका काढते की, इतक्या संकटांतून आपल्याला ओरखडाही येत नाही, म्हणजे आपण सामान्य माणसे नसावे. प्राचीन चर्चने ज्या मतांना पाखंड ठरविले त्यांत एक मत असे होते की, ख्रिस्ताचा देह केवळ आभास होता आणि त्याला खरे दुःख झालेच नाही. अभेद्य नायक हा या आभासवादाचा आधुनिक अवतार होय. ज्याला काही गमवावे लागणार नाही त्याच्या उडीला धैर्य म्हणता येईल, बलिदान म्हणता येणार नाही.

टेबलाच्या प्रतिमेतही असाच पेच आहे. २०१७ सालच्या आठव्या चित्रपटात डेकार्ड शॉ हा याच टेबलावर येऊन बसतो. टोळीतील हॅन या प्रिय सहकाऱ्याला त्याने मारले, अशी तोवरची कथा होती. शत्रूला पंक्तीत स्थान मिळणे ही ख्रिस्ती कल्पनेची परिसीमा होय. येशूवरील एक मुख्य आक्षेपच असा होता की, तो पापी जनांबरोबर जेवतो. परंतु येथे अपराधाची कबुली नाही, पश्चात्ताप नाही, मृताचे नाव निघत नाही. अनेक चाहत्यांनी हॅनला न्याय मिळावा अशी मागणी केली, ती उगीच नव्हे. नाझी राजवटीने १९४५ साली ज्यांना फाशी दिले त्या डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ सालच्या आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपे’वर टीका केली होती, पश्चात्तापावाचून वाटलेली क्षमा ही त्या स्वस्त कृपेची खूण होय. सामान्य प्रेक्षकांनी त्या टेबलाविषयी घेतलेली हरकत ही, नकळत का होईना, त्याच जातीची धर्मशास्त्रीय हरकत होती. नवव्या चित्रपटात हॅन जिवंत असल्याचे दाखवून निर्मात्यांनी अपराधच रद्द केला. म्हणजे क्षमेचा प्रश्न सोडविला नाही, टाळला.

८

शेवटी ज्या चित्रपटाने स्वतःच्याच साच्याची चिकित्सा केली, त्याचा विचार करणे उचित होईल. ह्यूज बंधूंच्या ‘द बुक ऑफ एलाय’ (२०१०) मध्ये महासंहारानंतरच्या ओसाड अमेरिकेत एक वाटसरू तीस वर्षे पश्चिमेकडे चालत आहे. त्याच्याजवळ बायबलची शेवटची प्रत आहे. कार्नेगी नावाच्या नगरनायकाला ती हवी आहे. कारण त्या शब्दांनी लोकांवर सत्ता गाजविता येईल हे त्याला ठाऊक आहे. एलाय ग्रंथाच्या रक्षणासाठी कोयत्यासारख्या पात्याने अनेकांना कापून काढतो. आरंभी रस्त्यावर एका जोडप्यावर हल्ला होत असताना तो आपली वाट न सोडण्याचे स्वतःला बजावतो आणि मदतीला जात नाही.

पुढे सोलारा या तरुणीचा जीव वाचविण्यासाठी तो ग्रंथ शत्रूच्या हवाली करतो, आणि ग्रंथ सांभाळण्याच्या भरात त्याप्रमाणे वागावयाचे आपण विसरलो, अशी कबुली देतो. गोळी लागलेल्या देहाने तो चालत राहतो. ग्रंथ ब्रेल लिपीत असल्याने कार्नेगीला त्याचा उपयोग होत नाही. आणि आंधळ्या एलायला तो मुखोद्गत असल्याने अल्कट्राझ बेटावर तो पहिल्यापासून सांगून लिहवून घेतला जातो. यांतील योगायोग अशक्य कोटीतले आहेत. परंतु येथे अद्भुत नायकाचा पराक्रम वाढविण्यासाठी येत नाही. त्याने हातचे सोडल्यानंतर ते येते. वाटेवरील जोडप्याला टाळून गेलेला एलाय हा शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तातील याजकासारखा आहे, आणि सोलारासाठी मागे वळलेला एलाय त्या शोमरोन्यासारखा. अखेरच्या दृश्यात सोलारा त्याचे शस्त्र घेऊन परतीच्या वाटेला लागते, तेव्हा जुना साचा पुन्हा डोके वर काढतो, हेही नमूद केले पाहिजे.

या सर्व विवेचनातून तीन कसोट्या हाती येतात. दुःख भोगणारा देह खरा आहे काय? हाती असलेले सामर्थ्य कोठे तरी नाकारले गेले आहे काय? आणि मिळालेले तारण शत्रूपर्यंत किंवा अपात्रापर्यंत पोहोचते काय? एकट्या कसोटीने काही सिद्ध होत नाही, हे जीमूतवाहनाच्या उदाहरणाने दिसलेच आहे. परंतु ख्रिस्ती प्रतिमांनी भरलेल्या कृतीला या तिन्ही कसोट्या लावल्या असता प्रतिमा आणि आशय यांची सांगड आहे की फारकत, हे निश्चितपणे सांगता येते. मर्फीचा व्रण, निओने थांबविलेला प्रतिकार, पोलादात उतरणारे यंत्र आणि एलायने सोडलेला ग्रंथ या ठिकाणी ती सांगड आहे. रंगीत काच, आद्याक्षरे आणि पसरलेले बाहू यांच्या ठिकाणी बहुधा नाही.

फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आणली, तेव्हा त्यांनी पुराणाचा परका आकार पत्करला. परंतु त्या आकाराला आपल्या कथेचा गाभा बदलू दिला नाही. मारधाडपटांत नेमके उलट घडण्याचा धोका असतो. तेथे कथेचा आकार ख्रिस्ताचा राहतो आणि गाभा मार्दुकाचा होतो. तो धोका ओळखणे म्हणजे या चित्रपटांची हेटाळणी करणे नव्हे. लोकरंजनाच्या सर्वांत गोंगाटाच्या प्रकारातही अधूनमधून शस्त्र खाली ठेवले जाते, आणि त्या क्षणी प्रेक्षागृह काही काळ निःशब्द होते. श्रद्धेचे प्रतिबिंब शोधणाऱ्याने आपले लक्ष त्या क्षणाकडे वळवावे.